तेरा हजार किलोमीटर

पोरांनो, ह्या वाफेच्या खोलीची, सौनाची भट्टी निवत आलीय, तेवढं दार लोटून घ्या. ही गोष्ट तळ्यापलीकडच्या आपल्या वेइयोची. खोटी वाटली तर उद्या त्यालाच विचारा. सांगेल की नाही, ते मात्र ठाऊक नाही.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे दोन. वेइयो धाकट्या भावाला आणायला हेलसिंकीच्या विमानतळावर निघाला होता. यार्को ऑस्ट्रेलियात, पर्थजवळ राहायचा. बापाशी भांडून गेला, तो अकरा वर्षं फिरकला नव्हता. आता म्हातारा आर्ने अंथरुणाला खिळला, तेव्हा कुठं निघाला.

म्हाताऱ्याजवळ शेजारीण सिर्का बसणार होती. "त्या पोराला सांग," ती म्हणाली, "आल्या आल्या दारात भांडू नकोस. आधी कॉफी पी म्हणावं."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "कुठवर आला?"

"विमानात आहे, बाबा. तेरा हजार किलोमीटर अंतर. मध्ये विमान बदलून वीस-बावीस तास लागतात. सकाळी पोचेल."

"सकाळी..." म्हातारा पुटपुटला. "फार लांब गेलं रे पोरगं."

रस्ता बर्फानं पांढरा झालेला. दोन्ही बाजूंना रान. समोरून एकही गाडी नाही. चर्चच्या वळणावर दिव्यांच्या झोतात कुणीतरी उभं दिसलं. अंगात झोपायचा सदरा. पाय अनवाणी.

वेइयोनं ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन थांबली.

मागचं दार उघडलं... लागलं.

आरशात बाबा.

"बाबा... तुम्ही? इथं?"



काचा आतून गोठू लागल्या. मागं वळायचा धीर होईना.

"घरी... घरी नेतो तुम्हाला. यार्कोला अजून वेळ आहे. प्रवास फार लांबचा..."

"मला नाही लागला वेळ."



वेइयोनं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी.

फोन वाजला. सिर्का होती. "वेइयो... गेले रे आर्ने. आत्ताच. झोपेतच."

तो परत फिरला नाही. भावाला घेऊनच घरी आला. बाबा गेल्याचं त्यानं विमानतळावरच सांगितलं होतं. यार्को बापाच्या पायाशी उभा राहिला. मग पाय धरायला म्हणून त्यानं पांघरूण वर सारलं...

आणि तसाच थांबला.

म्हाताऱ्याच्या तळव्यांना माती होती. ओली, लालभडक. बोटांच्या बेचक्यांतही.

"मी रात्रभर इथंच होते," सिर्का म्हणाली. "कूससुद्धा बदलली नाही त्यांनी."

बाहेर सगळं गाव बर्फाखाली गोठलेलं. आणि अशी माती आपल्याकडं आहेच कुठं?

यार्कोनं चिमूटभर माती बोटांत चुरली. हळूच खाली बसला.

"दादा... माझ्या पोरी तिकडं ह्याच मातीत खेळतात रे."