टिल्लूची उडी कुणी अडवली?

"मी कंट्रोलर आपटला नाही! आईशप्पथ!" टिल्लूचा आवाज रडवेला झाला होता.

"मग बटण उशिरा का चालतंय?" आत्याने कंट्रोलर काढून घेऊन काउंटरवर ठेवला. "संध्याकाळच्या मॅचला तू नाहीस. विषय संपला!"

सुट्टीत आत्याच्या गेम-पार्लरमध्ये जायचं, म्हणून टिल्लूने महिनाभर दिवस मोजले होते. चिमीला धाकट्या भावाचं तोंड बघवेना. तो आगाऊ होता, खादाड होता. पण खोटारडा मुळीच नव्हता!

"रोज अकरालाच बिघडतं," आत्याचा मुलगा म्हणाला. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. "कंट्रोलरला काय घड्याळ कळतं?"

चिमीने आत्याची पाठ वळताच कंट्रोलर उचलला आणि मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला लावला. तीच गेम त्या कॉम्प्युटरमध्ये भरलेली होती. टिल्लूने बटण दाबलं आणि पडद्यावरचं माकड टुणकन उडालं. सलग दहा वेळा!

"कंट्रोलर ठणठणीत आहे!" चिमी ओरडली. "मग बाहेर काय होतं?"

"बाहेरच्या गेम दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतात. बटणाचा निरोप इंटरनेटवरून तिकडे जातो, मग चित्र इकडे येतं. इंटरनेटवर गर्दी झाली, की निरोप रखडतो आणि माकड खड्ड्यात!" प्रोफेसर म्हणाला.

"आपलं इंटरनेट आणखी कोण वापरतं?"

"शेजारचे फोटोकाका. आईनेच पासवर्ड दिलाय."

बेत ठरला. प्रोफेसर बाहेरच्या गेमवर बसला. माकड पडलं तर भिंतीवर एकदा टक, उडालं तर दोनदा.

चिमी आणि टिल्लू फोटोकाकांच्या स्टुडिओत शिरले. "काका, काय चाललंय?"

"लग्नाचे फोटो पाठवतोय. रोज अकराला हेच काम. आज नऊशे आहेत!"

टक! माकड पडलं.

"काका, एक मिनिट थांबवा ना!"

काकांनी थांबवलं. टकटक!

"आता सुरू करा."

टक!

"भिंत पाडताय की काय?" आत्या तणतणत आत आली. चिमीने तिला हाताला धरून उभं केलं आणि सगळं पुन्हा करून दाखवलं. थांबवलं, टकटक. सुरू केलं, टक!

"अगं बाई!" आत्याने कपाळावर हात मारला.

"अरे देवा, म्हणजे मीच का तो?" काकांचा चेहरा पडला.

"तुम्ही कसले! पासवर्ड मीच वाटला आणि ओरडले या लेकराला." आत्याने सगळ्यांसमोर स्वतःचे कान धरले. "टिल्लोबा, चुकलं माझं. तू खरं बोलत होतास."

इतका वेळ कसाबसा तग धरलेला टिल्लू तिला बिलगून हमसून हमसून रडला. चिमीचेही डोळे भरून आले.

"शाब्बास पोरांनो!" काका म्हणाले. "उद्यापासून फोटो सकाळी, पार्लर उघडायच्या आत!"

संध्याकाळी मॅचला पार्लर खच्चून भरलं. शेवटच्या खड्ड्यापाशी सगळे श्वास रोखून उभे राहिले. टिल्लूने बटण दाबलं, माकड उडालं आणि सगळ्यांत मोठ्याने आत्याच ओरडली, "माझा भाचा आहे तो!"