बासष्ट लिटर पाणी

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भट्टीच्या घुमटाला तडा गेला. आवाज मोठा नव्हता. वाळकी फांदी मोडावी, तेवढाच. तडा भट्टीच्या तोंडापासून निघाला, वर दीड हात गेला आणि थांबला. परसात त्या वेळी निहिरा एकटीच होती. तिने घुमटाला हात लावलेला नव्हता. वारा नव्हता. जाळ पेटवून चाळीस मिनिटं झाली होती.

कोडं असं होतं, की आतलं तापमान फक्त तीनशे दहा अंश होतं, आणि पेटवण्याआधी निहिराने दगडूला विचारून घेतलं होतं.

"दगडू, या विटा किती अंश सोसतात?"

"बाराशे," दगडू म्हणाला होता.

मग तीनशे दहालाच घात कसा झाला?

दगडू हा गवंडीकाम करणारा यंत्रमानव. कमरेएवढा उंच, चार चाकांचा, दोन लांब हातांचा. हे नाव त्याला निहिराच्या आजोबांनी ठेवलं; तो त्यांना सर म्हणे. आजोबा, म्हणजे डॉ. मंदार खाडिलकर, उष्णतेचे शास्त्रज्ञ. अवकाशातून परतणारी यानं हवेत शिरताना जळून जाऊ नयेत, म्हणून त्यांच्यावर जी कवचं बसवतात, ती बनवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. निवृत्त होऊन ते साताऱ्याला आले आणि नातीला म्हणाले, "आता एक गोष्ट अशी बांधू, की जिच्यातली उष्णता खाता येईल."

ती गोष्ट म्हणजे परसातलं उघडं स्वयंपाकघर. दगडी ओटा, हात धुवायला मोरी, लाकडं ठेवायला खालचा कप्पा, आणि एका टोकाला पिझ्झा भाजायची भट्टी. ओटा झाला. मोरी झाली. भट्टीच्या तळाला अग्निविटा (खूप उष्णता सोसणाऱ्या विटा) बसल्या. घुमट राहिला.

घुमट सुरू व्हायच्या आदल्या रात्री आजोबा झोपेत गेले. नेमकी वेळ कुणालाच ठाऊक नाही. दगडू सव्वासहाला त्यांचा चहा घेऊन गेला, तेव्हा ते उठले नाहीत. दगडूने सात वाजेपर्यंत तीनदा चहा गरम करून आणला.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, सगळे संगम माहुलीच्या घाटावर गेले. पिंड ठेवला. कावळे आले, पायरीवर बसले, पण शिवेनात. पाऊण तास झाला. रीत अशी, की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, तर ती आम्ही पुरी करू, असं घरच्यांनी मोठ्याने सांगायचं. बाबांनी सांगितलं, "तुमच्या वह्या नीट लावून छापून घेईन." कावळा हलला नाही. आत्याने सांगितलं, "दादाला मी अंतर देणार नाही." दादा म्हणजे बाबा. कावळ्याने मान वळवली.

"निहू, तू सांग गं," आत्या म्हणाली. "तुझ्यावर जीव होता त्यांचा."

निहिरा पुढे झाली. वय अकरा. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोललेली नव्हती.

"आजोबा, तुमची भट्टी मी पुरी करीन. तेराव्याच्या आत."

कावळा उडी मारून खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

तेराव्याच्या आत, हे शब्द कुणी सुचवलेले नव्हते. कावळा लवकर यावा, म्हणून ते तिच्या तोंडून निघून गेले. तेरावा दिवस रविवारी होता.

गुरुवारी दुपारी ती आणि दगडू कामाला लागली. अग्निविटांवर ओल्या वाळूचा गोल ढीग केला, त्यावर भिजवलेले कागद लावले आणि वरून माती, वाळू, भुसा कालवून वीतभर जाडीचा थर चढवला. शुक्रवारी सकाळी घुमट उभा राहिला. शनिवारी दुपारी दगडूने तोंडातून हळूहळू वाळू उकरून काढली. घुमट आपल्या पायावर उभा राहिला. मग दगडू पुढच्या अंगणात खुर्च्या मांडायला गेला, आणि निहिराने लाकडं पेटवली.

तडा पाहून ती रडली नाही. आधी जाळ बाहेर ओढला, मोरीतलं पाणी टाकून विझवला आणि ओट्याला टेकून खाली बसली. दगडू परत आला तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

"तू मला खोटं सांगितलंस," ती म्हणाली.

"नाही. विटा बाराशे अंश सोसतात. विटा शाबूत आहेत."

"मग हे काय आहे?"

"हा घुमट आहे. घुमट विटांचा नाही, मातीचा आहे. मातीबद्दल तू विचारलं नाहीस."

"तुला कळत नव्हतं? सांगायचं नाही का आपण होऊन?"

दगडूची चाकं जागच्या जागी थोडी मागे-पुढे झाली. "काम चालू असताना विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं सर म्हणतात."

"म्हणायचे."

"माझ्या नोंदीत ते अजून म्हणतात," दगडू म्हणाला. "आणि तू पेटवणार आहेस, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं, तर मी ती सूचना मोडली असती. असं मला वाटतं. कधी मोडून पाहिलेली नाही."

निहिराने नाक पुसलं. "माती का फुटली ते सांग. नीट सांग. लहान मुलीला सांगतात तसं नको."

दगडूच्या डोक्यावर एक काळी काच होती. त्या काचेतून त्याला उष्णता दिसे, म्हणजे उष्णतेचे किरण रंगांसारखे दिसत. घुमटात त्याने बांधतानाच बारीक तापमापकही पुरून ठेवले होते. त्यांचे आकडे जुळवून त्याने पाठीमागच्या भिंतीवर घुमटाचं चित्र पाडलं. कलिंगडाची फोड दिसावी, तसा मातीचा थर उभा कापलेला दिसत होता. आतली कड लालभडक होती. बाहेरची कड हिरवी. मधे एक रुंद निळा पट्टा होता.

"आतली कड किती?" निहिराने विचारलं.

"जाळ होता तेव्हा तीनशे दहा."

"बाहेरची?"

"अडतीस."

"आणि निळा?"

"पट्ट्याच्या आतल्या काठावर शंभर. जाळ वाढवलास तेव्हाही शंभर. तडा जाईपर्यंत शंभर."

"शंभरच का? पुढे का नाही गेलं?"

"हाच खरा प्रश्न," दगडू म्हणाला. "निळा रंग ओलीचा. तिथे पाणी होतं. पाणी शंभर अंशांना उकळतं. त्यानंतर तू कितीही उष्णता दे, ती तापमान वाढवण्यात जात नाही. पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तिला सुप्त उष्णता (तापमापकावर न दिसणारी उष्णता) म्हणतात. सगळं पाणी संपेपर्यंत तो काठ शंभरावरच अडून राहतो."

"पण माती तर वाळली होती. मी हात लावून पाहिलं होतं."

"बाहेरून. कुरडया गच्चीवर घालतात, तेव्हा वरून कडक झालेली कुरडई मोडली, तर आत काय असतं?"

"ओली असते," निहिरा म्हणाली. दरवर्षी ती एक तरी तशीच मोडून खात असे.

"कुरडई बोटाएवढी जाड. घुमट वीतभर. आपण माती कालवली, तेव्हा तिच्यात बासष्ट लिटर पाणी गेलं. पाच कळश्या. दोन दिवसांत सात लिटर उडून गेलं. राहिलं पंचावन्न."

निहिराने घुमटाकडे पाहिलं. साडेचार कळश्या पाणी अजून त्या भिंतीत आहे, हे बघून कुणाला पटलं नसतं.

"आता भाकरीचं सांग," दगडू म्हणाला. "तव्यावरून विस्तवावर टाकली, की ती काय करते?"

"फुगते."

"का फुगते?"

"आतल्या पाण्याची वाफ होते म्हणून. हे आजोबांनीच सांगितलंय."

"एक चमचाभर पाण्याची वाफ झाली, तर तिला सुमारे आठ लिटर जागा लागते. म्हणजे सोळाशे पटींहून जास्त. भाकरीचा पापुद्रा ताणला जातो, वाफेला जागा देतो. वाळलेली माती ताणली जात नाही. तिच्यात बारीक भोकं असतात, त्यांतून वाफ हळूहळू बाहेर पडू शकते. पण तू मोठा जाळ केलास. वाफ झाली भराभर आणि वाट होती चिंचोळी. आत दाब (कोंडलेल्या वाफेचा रेटा) वाढत गेला. शिवाय आतली कड तापून प्रसरण पावत होती (पसरत होती), बाहेरची गारच होती. आतून रेटा, बाहेरून ताण. जिथे घुमट सगळ्यात कच्चा, तिथे तो उकलला."

"तोंडापाशी."

"तोंडापाशी."

पुढच्या अंगणातून आत्याचा आवाज येत होता. ती कुणाला तरी ताटं मोजायला सांगत होती.

"कधी पेटवायला हवी होती?" निहिराने विचारलं.

"सरांच्या टिपणात लिहिलेलं आहे. एकवीस दिवस. पहिल्या दिवशी एका नारळाच्या करवंटीचा विस्तव. मग हळूहळू वाढवत न्यायचा. पाण्याला बाहेर पडायला सवड द्यायची."

"एकवीस." तिचा आवाज चिरकला. "मी कावळ्याला तेरावा सांगितला, दगडू. त्याने शिवलं ते मी सांगितल्यावर. आता भट्टी झाली नाही, तर आजोबा कुठे राहतील? मधेच?"

"पाण्याचं मला माहीत आहे," दगडू म्हणाला. "कावळ्याचं माहीत नाही. त्या दिवशी मी घरी होतो."

तेवढ्यात बाबा परसात आले. त्यांनी आधी तडा पाहिला, मग विझलेली लाकडं, मग मुलीकडे. डोक्यावर केस नसल्याने ते गेले तीन दिवस कुणीतरी वेगळेच वाटत होते. ते ओट्याला टेकून तिच्या शेजारी खाली बसले.

"भाजलं नाही ना कुठे?"

"नाही."

"एकटीने पेटवायची नाही. हे पहिलं आणि शेवटचं."

"हो."

मग त्यांनी तिला सगळं बोलू दिलं. कुरडई, भाकरी, बासष्ट लिटर, तेरावा.

"मी पण कबूल केलंय की वह्यांचं," बाबा म्हणाले. "तेहतीस वह्या आहेत. अक्षर असं, की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. मला किती वर्षं लागतील देव जाणे. मी फक्त तारीख सांगितली नाही. तुझ्यापेक्षा एवढाच शहाणा."

निहिरा हसली नाही, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझे आजोबा एकदा यानाच्या कवचावर सही करायचे थांबले होते," बाबा म्हणाले. "सगळं तयार. दिवस ठरलेला. वरून रोज फोन. कवच आत ओलं आहे, म्हणाले. सात आठवडे सही केली नाही. घरी आई म्हणायची, अहो, करून टाका, किती बोलणी खाल? तर म्हणाले, ते ओलंय, त्याला मी काय करू?"

"मग?"

"मग वाळलं. मग केली."

निहिरा उठून घुमटापाशी गेली. तड्यात नखाची कड जात होती. "हा बुजवू या?"

"आता नको," दगडू म्हणाला. "वाफेला आता ही एक वाट आहे. बुजवलास, तर ती दुसरीकडे फोडील. आधी वाळू दे. मग त्याच मातीने भरू. पण तडा वाढतोय की थांबलाय, हे बघावं लागेल."

त्याने काचेच्या दोन पातळ पट्ट्या आणल्या. एक तड्याच्या वरच्या टोकाला, एक खाली तोंडाजवळ, अशा त्या तड्यावर आडव्या ठेवून दोन्ही कडांना त्याने गिलाव्याने चिकटवल्या. जुन्या पुलांवर अशा पट्ट्या लावतात. तडा केसभर जरी रुंदावला, तरी काच फुटते आणि कळतं.

"भरून, वाळवून भट्टी तीनशे अंश सोसेल?"

"सांगता येत नाही. सोसेल, किंवा पाडून पुन्हा बांधावी लागेल."

रविवारी तेराव्याचं जेवण झालं. पन्नासएक माणसं आली. श्रीखंड होतं. हात धुवायला सगळे परसातल्या मोरीवर गेले, आणि आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं निहू, झाली का भट्टी? कावळ्याला शब्द दिलायस हो!"

माणसं वळून बघू लागली.

निहिराचे कान तापले. आजोबा हात पाठीमागे बांधून माणसांच्या मागे उभे असतील, असं तिला एकदम वाटलं, आणि ते नाहीत, हेही त्याच वेळी कळलं. बारा दिवस जे आत कोंडलं होतं, ते तिथे, सगळ्यांसमोर, डोळ्यांतून वाहायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

"नाही झाली," ती म्हणाली. "ओली आहे."

आत्याने ओल्या हातानेच निहिराला जवळ ओढलं.

पाहुणे गेल्यावर बाबांच्या समोर निहिराने एका करवंटीचा विस्तव भट्टीत ठेवला. आतलं तापमान साठ अंशांवर गेलं नाही. थोड्या वेळाने तोंडातून आणि तड्यातून बारीक, पांढरी वाफ येऊ लागली. पाणी निघालं होतं. दगडूने नोंद केली. मग तो म्हणाला, "नोंदवही तू लिहितेस का? सर हाताने लिहितात. लिहायचे."

तेव्हापासून नोंदवही निहिरा लिहिते. तारीख, करवंट्या, तापमान, ओलावा, काचपट्ट्या असे पाच रकाने आहेत. सहावा रकाना 'काम पूर्ण' असा तिनेच आखला आहे. त्यात अजून काही लिहिलेलं नाही.

शेवटची नोंद एकोणिसाव्या दिवसाची, गुरुवार, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांची आहे. करवंट्या अकरा. आतलं तापमान एकशे ऐंशी. भिंतीत उरलेलं पाणी अंदाजे चार लिटर. निळा पट्टा बोटभर. वरची काचपट्टी शाबूत. खालच्या काचपट्टीवर केसाएवढी एक रेघ दिसते आहे. ती चीर आहे की धुराचा ओरखडा, हे भट्टी निवल्याशिवाय पुसून पाहता येणार नाही. सहा वाजता भट्टी अजून गरमच होती.