मारल्याचा ढीग

प्रगती इचोड्याला गेली होती सिमेंटचा भाव विचारायला, आणि येताना बस थांब्यावरून दोन पाहुणे घेऊन आली. पाहुणे म्हणजे शाळेच्या कामाला आलेली जर्मनीतली दोन पोरं, लुकास आणि हाना. नुकती बारावी झालेली. कॉलेजात जाण्याआधी एक वर्ष मोकळं ठेवायचं, देशोदेशी हिंडायचं आणि जिथं जाऊ तिथं लोकांच्या उपयोगी पडेल असं काम फुकट करायचं, असा त्यांच्याकडे रिवाज. आपल्याकडे पोराचं वर्ष असं गेलं तर आईबाप चार माणसांत तोंड लपवतात. त्यांच्याकडे आईबापच बॅग भरून देतात. ज्याची त्याची रीत.

मराठी-तेलुगूच्या सीमेवरचा तो मुलूख. ऑटो गुडीहत्नूरच्या अलीकडे हायवे सोडून कापसाच्या शेतांत शिरला. गावाच्या आधीच्या वळणावर ऑटोवाल्यानं ब्रेक मारला, खाली उतरला, रस्त्याकडेचा एक दगड उचलला आणि बाभळीखालच्या उंच ढिगावर फेकला. मग परत येऊन बसला.

"हे काय?" लुकासनं इंग्रजीत विचारलं. प्रगतीला लाज वाटली. "जुनी सवय आहे लोकांची," ती हसून म्हणाली. "मारल्याचा ढीग म्हणतात. कुणाला तरी इथं दगडांनी मारलं होतं म्हणे. तेव्हापासून जाणारा-येणारा एक दगड टाकतो."

"कुणाला मारलं?"

"कुणालाच माहीत नाही."

प्रगतीची शाळा एका छोट्या संस्थेची. खोल्या चांगल्या होत्या, फळे होते, पण मुलींसाठी संडास नव्हता. सातवी-आठवीत आल्या की मुली एकेक करून घरी बसायच्या. प्रगती शेतमजुराची लेक. बापानं उपाशी राहून शिकवलं म्हणून टीचर झाली होती. एखादी मुलगी अशी गळाली की प्रगतीच्या जिवाला लागायचं. संक्रांतीच्या सुट्टीत संडास उभा करायचाच, असं तिनं ठरवलं होतं. सिमेंट जमलं, पत्रे जमले, अडलं ते दगडावर. ट्रॅक्टरवाले आज येतो, उद्या येतो करत राहिले आणि सुट्टी संपत चालली.

तेव्हा लुकासच म्हणाला, "वळणावर इतका दगड पडलाय. तो कुणाचा आहे?"

कुणाचाच नाही, हे खरं होतं. प्रगतीतली टीचर जागी झाली. मेलेल्या माणसावर टाकायला गावाकडे दगड आहे आणि जित्या मुलींच्या भिंतीला नाही? "घ्या," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं बापाला, मोतीरामला, सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याच्या हातातली भाकर ताटात पडली.

"त्या ढिगाले हात नोको लावू देऊ, पोरी."

"बाबा, सकाळी बुद्धवंदना म्हणता अन् दुपारी भुताले दगड मारता. शोभते काय तुमाले?"

"भुताले कोन मारते?" मोतीराम हळू म्हणाला. "मानूस होता तो. परका होता, कामाले आला होता, इतकंच ठाऊक हाय. गावानं घेरून मारला. चोर म्हून मारला का उगाच मारला, तेबी कोनाले आठवत नाही. मारनं सुरू झालं, पन थांबाचं कोनं, हे ठरलंच नाही. माया आज्यानं मारला, मी मारला. अजून मारूनच राह्यलो आमी."

"काऊन पन?"

"थांबलो तं तो उठंन."

प्रगती हसली. शिकलेल्या माणसाला असं हसणं फार सोपं असतं.

दुसऱ्या दिवसापासून लुकास आणि हाना ढकलगाडी घेऊन कामाला लागले. पोरं कामाला वाघ होती. ढीग खाली खाली जात होता, शाळेमागं भिंत वर वर चढत होती. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. कुणी भांडलं नाही. फक्त बायकांनी ती वाट सोडली आणि शेतातून फिरून जायला लागल्या.

भिंत खिडकीच्या उंचीला आली त्या दिवशी दुपारी हाना पाणी प्यायला शाळेत आली. तिचे केस मातीनं माखले होते.

"आता तळाचेच दगड राहिलेत," ती म्हणाली. "लुकास काढतोय. पण तिथली माती गरम लागते. आणि वास येतो... कसाईखान्यासारखा."

प्रगती काही बोलणार, तेवढ्यात खिडकीची काच फुटली. एक दगड सरळ आत आला आणि हानाच्या कपाळावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. ती ओरडलीसुद्धा नाही. भिंतीला टेकत खाली सरकली आणि तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

मग दुसरा दगड आला. तिसरा. दाराची फळी चिरली, फळ्याचा कोपरा उडाला. प्रगतीनं हानाला बाकाखाली ओढलं आणि ओढणी तिच्या कपाळाला गच्च बांधली. दगड वळणाकडून येत होते. तेवढ्या लांबून एवढा दगड फेकणारा हात माणसाचा नव्हता, हे तिला कळलं, आणि कळताच तिला लुकास आठवला. तो तिथंच होता! त्याच्या आईनं व्हिडिओ कॉलवर तिला हात जोडून दाखवले होते, नमस्ते करून, सांभाळा म्हणून.

ती धावत सुटली. एक दगड तिच्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला, तरी ती धावतच राहिली.

वळणावर गाव आधीच जमलं होतं. मोतीराम पुढं उभा होता. त्याचा ओठ फाटला होता आणि दोन्ही हातांत दगड होते. बाभळीखाली, जिथं ढीग होता तिथं, आता खड्डा होता. खड्ड्यात कमरेपर्यंत कुणीतरी उभं होतं. अंगभर काळी माती थापलेली. डोकं एका बाजूनं चेपलेलं, तोंड मातीनं भरलेलं. ते वाकायचं, दगड उचलायचं आणि फेकायचं. मोतीरामच्या शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर दगड बसला. तो कोसळला आणि हाड कातडीबाहेर आलं.

"लुकास!" प्रगती किंचाळली. "बाबा, लुकास कुठंय?"

"पयाला असंन! आंधी याले झाक!"

"पन तो..."

"मार, पोरी! नाही तं सारे मरून राह्यलो आपन!"

लोक फेकत होते. दगड अंगावर बसत होते आणि तरी ते उभंच होतं. मग एक मोठा दगड छातीत बसला. ते वाकलं आणि त्यानं फेकणं सोडलं. दोन्ही हात डोक्यावर धरून ते तोंडातल्या मातीतून काहीतरी पुटपुटायला लागलं.

लोक थांबले नाहीत. प्रगतीनं पायाजवळचा दगड उचलला. हानाचं रक्त तिच्या बोटांवर वाळत होतं. तिला भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला त्याहून जास्त राग होता, आणि तो राग गोड लागत होता. तिनं नेम धरला. डोक्यावरच्या हातांवर दगड बसला. बोटं मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. मग तिनं दुसरा उचलला. उन्हं कलेपर्यंत सगळे मारत होते. नव्या भिंतीचे दगडसुद्धा उपसून आणले आणि ढीग पुन्हा उभा केला.

आणि तेव्हा हायवेच्या बाजूनं लुकास चालत आला.

अंगावर ओरखडा नव्हता. "घाबरलो आणि पळालो," तो म्हणाला. हाना डोक्याला पट्टी बांधून त्याच्या गळ्यात पडून रडली. प्रगती तिथंच रस्त्यावर बसली आणि लहान मुलीसारखी हुंदके द्यायला लागली. पोर वाचलं. आता त्याच्या आईला तोंड दाखवता येईल.

लुकास तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या सुजलेल्या खांद्याकडे बघत म्हणाला, "लय लागलं काय, बाई?"

लोक हसले. चार दिवसांत पोरगं आपली बोली शिकलं म्हणून त्यांना कौतुक वाटलं. मोतीराम मात्र हसला नाही.

दोघांचं पुढचं हिंडणं रद्द झालं आणि घरी परतायचं म्हणून त्यांना विमानतळावर न्यायला गाडी आली. प्रगती निरोप द्यायला वळणापर्यंत गेली. तिथं लुकासनं गाडी थांबवायला लावली. तो खाली उतरला आणि रिवाजाप्रमाणे एक दगड उचलून ढिगावर टाकला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी मोठा धोंडा. घाम गळेपर्यंत तो घाईघाईनं दगड रचत राहिला, जिथं फट दिसेल तिथं बुजवत राहिला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं थांबला. हाना गाडीतून त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या मातीच्या अंगात शेवटी कोण अडकलं होतं आणि आपण कुणाची बोटं मोडली, हे प्रगतीला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण कुणाला काय सांगणार? गाडीतला मुलगा जिवंत होता, त्याचा पासपोर्ट खरा होता. त्याची आई तिकडच्या विमानतळावर वाट बघणार होती.

गाडी गेली. धूळ खाली बसली, आणि ढिगातून आवाज आला.

फार बारीक. मराठी नव्हतं, तेलुगू नव्हतं, हिंदी नव्हतं. ती दोन पोरं आपसात बोलायची ती भाषा होती. शब्द एकही कळत नव्हता, पण कुणी आईला हाक मारत असेल तर ते कोणत्याही भाषेत कळतं.

प्रगती गुडघ्यांवर बसली आणि वरचे दगड दोन्ही हातांनी बाजूला सारायला लागली. एक, मग आणखी एक. आतून मातीची ऊब हाताला लागली. तोच वास आला. आणि हाक थांबून आत कुणीतरी अगदी गप्प बसलं, शिकार जवळ यायची वाट बघावी तसं.

तिचे हात थबकले. इतके दिवस दगडांखाली राहून जो बोलतो, तो अजून लुकास असेल?

मागं मोतीराम येऊन उभा राहिला होता. "काही आयकू येते काय, पोरी?"

"नाही बाबा," ती म्हणाली.

सारलेले दगड तिनं जागच्या जागी ठेवले. मग ढिगावर एक नवा दगड टाकला. आत कुणीतरी कळवळलं, आणि तिनं दुसरा दगड शोधायला सुरुवात केली.