नंबरचा मास्क

"माझा मास्क चोरीला गेलाय, आणि चोर घरातलाच असावा," नर्स खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली.

खाजगी तपासाचं काम करणाऱ्या आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा मदतनीस, म्हणजे सख्खा भाचा, मिशीवरून हात फिरवत सावरून बसला.

"पाण्यात घालायचा मास्क. माझ्या चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेला. त्याच्याशिवाय मला सगळं धूसर दिसतं. आज डायव्हर मंडळींबरोबर पहिल्यांदाच अंधारात स्नॉर्केलिंगला जायचंय. तोंडात नळी, हातात टॉर्च, आणि पालथं तरंगत खाली बघायचं. काल क्लबातून पिशवी घरी आणली, आज दुपारी उघडली तर मास्क गायब. महागाचा टॉर्च जागच्या जागी."

"घरात कोण असतं?"

"मी आणि माझे वडील, अप्पा. मी समुद्रावर निघाले की त्यांचं तोंड फुगतं. मला अडवायला त्यांनी हे केलं असेल, तर मी वेगळी खोली बघणार. विश्वासच नसेल तर एका घरात राहायचं कसं?"

क्लबात प्रशिक्षक टबात मास्क विसळत होता. "मी चोरून करू काय? साधे मास्क ढिगाने पडलेत माझ्याकडे." मग त्याने भाच्याकडे पाहिलं. "तुम्हीही या आज. पाणी उथळ आहे, जॅकेट घातलं की कुणीही तरंगतं. फक्त ही मिशी उतरवा. तिच्यामुळे फट राहते आणि मास्कमध्ये पाणी शिरतं."

भाच्याचा चेहरा पडला.

बोटीत पुढे कोणी बसायचं यावरून नर्सशी रोज भांडणारा दंतवैद्य तिथेच होता. "तिचा मास्क? एकदा गंमत म्हणून लावला होता, बाई. डोकं गरगरायला लागलं. फुकट दिला तरी नको."

घरी अप्पा एक जुनं घड्याळ उघडून बसले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. भिंतीवरच्या फोटोत त्यांची झुपकेदार मिशी होती. आज ओठ गुळगुळीत.

"उकाडा फार," आत्यांची नजर ओठांवर गेलेली पाहून ते म्हणाले.

"आणि कपाळावर, दोन्ही गालांवर हे लाल वळ?" आत्यांनी विचारलं.

"उशीचे. दुपारी डोळा लागला." त्यांनी टेबलावरचा चष्मा चढवला आणि बारीकसा स्क्रू अचूक बसवला.

"अप्पा, तो माझा जादाचा चष्मा!" नर्स म्हणाली.

"असेल. दिसतंय मला."

हात धुवायला गेलेला भाचा न्हाणीघरातून करवादत आला. "भरल्या पिंपाला खेटून स्टूल कोण ठेवतं? सगळी फरशी ओली. मान मोडली असती माझी!"

आत्या खुदकन हसल्या. "अप्पा, आणा आता तो मास्क."

नर्स ताडकन उठली. "म्हणजे मला अडवायलाच..."

"बस गं. अडवायला नाही, वापरायला. दंतवैद्याला ज्या काचांनी गरगरतं, तशाच तुझ्या चष्म्यातून अप्पांना स्क्रू दिसतो. बापलेकीचा नंबर एकच. उशीचा वळ एका गालावर उठतो. दोन्ही गालांवर आणि कपाळावर उठतो तो मास्कचा. पिंपाजवळ स्टूल कशाला? बसून पाण्यात तोंड घालायला. आणि इतकी वर्षं जपलेली मिशी का गेली, ते माझ्या भाच्याला विचार."

भाच्याने आपली मिशी झाकली.

अप्पांनी घड्याळाच्या रिकाम्या पेटीतून मास्क काढला. "तू पाण्यात असलीस की मी काठावर जीव मुठीत धरून बसतो. म्हटलं, आपणच शिकावं, एकदा तुझ्याबरोबर यावं. पण सांगायची लाज वाटली. पिंपातसुद्धा घाबरलो गं मी! संध्याकाळच्या आत परत ठेवणार होतो, तर तू दुपारीच पिशवी उघडलीस."

"त्यासाठी मिशी काढलीत?" नर्सने विचारलं आणि रडता रडता हसायला लागली.

अंधार पडल्यावर सगळे उथळ पाण्यात उतरले. मिशीसकट आलेला भाचा दर मिनिटाला मास्कमधलं पाणी ओतत होता. अप्पा पालथे तरंगत होते आणि नर्स त्यांचा हात धरून शेजारी. क्लबातल्या साध्या मास्कमधून तिला खाली नुसता धूसर उजेड दिसत होता.

"अप्पा, आता माझी पाळी!"

अप्पांनी डोकं वर काढलं. "थांब बाळ, एक मासा झोपलाय. उघड्या डोळ्यांनी!" आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

"आत्या," नर्स ओरडली, "चोर मास्क देत नाहीये!"

हात मात्र तिने सोडला नाही.