ओ दुसऱ्याने दिली

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. कौतिक नाना आमच्या भावकीतले. थापा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो.

साल १९६९. वैशाख महिना. दोंडाईच्याबाहेर कापसातली सरकी काढायची एक जिनिंग गिरणी होती. कधीच बंद पडलेली.

आणि रात्र म्हणाल, तर ती भर दुपारी बाराची होती.

जिनिंगच्या शेठचा मेहुणा मदनलाल तिथे भुताचा सिनेमा काढत होता. वीज तोडलेली, दिवे आणायची ऐपत नाही. म्हणून कॅमेऱ्यापुढे काळी काच धरायची आणि ऐन उन्हात रात्र करायची.

नाना त्या जिनिंगचे राखणदार. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको तानुबाई तापाने गेली होती. जिनिंग चालू असताना दोघं तिथेच कामाला. भाकरीची वेळ झाली की ती दारातून हाक मारायची, "आयकं का..." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून इतकंच.

ती गेल्यापासून नाना रोज दुपारी तिथे जाऊन बसत. एकदा हाक यावी. बस्स, एकदा.

हाक आली नव्हती.

त्या दुपारी रतिलाल नावाचा नट, सुरतेचा नाटकवाला, काळा कोट घालून यंत्रांच्या दालनातून चालत होता. सगळे गप्प. बाहेर पान हलत नव्हतं.

आणि...

"आयकं का..."

नानांनी चमकून दाराकडे पाहिलं. तोच आवाज! ओठांवर ओ आली... आणि त्यांनी ती गिळली.

भर बाराची पहिली हाक घ्यायची नसते. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतं. ते... एकदाच मारतं.

नाना दुसऱ्या हाकेची वाट पाहत राहिले.

"ओ!" रतिलाल मागे वळला.

"कट!" मदनलाल ओरडला. "तुला ओ द्यायला कोणी सांगितलं रे?"

"बाईने हाक मारली ना!"

"बाई कुठली? आपलं भूत तिकडे विडी ओढतंय, बघ."

सगळे हसले. भुताचं काम एक मिशीवाला बाप्या करणार होता.

नाना हसले नाहीत.

त्या दिवसापासून रतिलाल एकटाच आत जायला लागला. काम नसतानाही. एकदा नानांनी त्याला दारात गाठलं.

"ती दिखस का तुले?"

"दिसत नाही, कौतिकभाऊ. मागे येऊन उभी राहते. जोडवं वाजतं... पण एकाच पायाचं."

तानुबाईचं दुसरं जोडवं कापसाच्या ढिगात हरवलं होतं. हे नानांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

"भेव नही लागस?"

रतिलाल लाजल्यासारखा हसला. "खरं सांगू? बरं वाटतं."

नाना उसळून म्हणाले, "मनी बायको शे ती!"

"मग तुम्ही का नाही ओ दिली?"



दुसऱ्या दिवशी रतिलाल आंघोळीला गेला, तेव्हा नानांनी त्याचा कोट अंगात घातला. त्याचंच वासाचं तेल केसांना लावलं. दालनात पाठमोरे उभे राहिले. आपल्याच बायकोसाठी परका पुरुष होऊन.

बारा वाजले.

टिण्...

मग नुसतंच पाऊल.

टिण्...

मग नुसतंच पाऊल.

अगदी पाठीशी येऊन थांबलं. बाहेर वैशाख पेटलेला, आणि मानेवर गारवा...

हाक आली नाही. नानांना राहवलं नाही.

"ओ," ते हळूच म्हणाले.

जोडवं जागच्या जागी वळलं. टिण्... दाराकडे. टिण्... लांब. मग काहीच नाही.

तिने आवाज ओळखला होता.

चार दिवसांनी मंडळी निघाली. नाना पेट्या पोहोचवायला स्टेशनवर गेले. गाडी हलली, तसा रतिलाल खिडकीजवळून उठला आणि आत सरकून बसला. डबा गच्च भरलेला. लोक दाराला लोंबकळत होते. तरी खिडकीची ती जागा... रिकामीच राहिली.

तानुबाई उभ्या जन्मात आगगाडीत बसली नव्हती.

तो सिनेमा कुठे लागल्याचं कोणी ऐकलं नाही. रतिलालचंही पुढे काही कळलं नाही.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. आदल्या वर्षी ताट ठेवायचा अवकाश, कावळा शिवला होता. या वर्षी नाना उन्हं कलेपर्यंत बसले. झाडावर कावळे होते. एकही खाली उतरला नाही.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

तेव्हा मीच न राहवून म्हणालो, "नाना, तिची काही इच्छा राहिली असेल. कबूल करा काहीतरी."

"नही रे," नाना ताट उचलत म्हणाले. "ती तठेच जेवत व्हई... सुरतले."