बेडकाच्या कातडीचे काप

तीन महिने मामाकडं राहून गुरुवारी जळकोटला परतले. ओसरीच्या खोलीत औरंगाबादच्या कॉलेजातला नीलकंठ नावाचा पाहुणा उतरलाय, एवढंच बाबांच्या पत्रातून ठाऊक. बघते तर खिडकीत बारा काचेच्या पट्ट्या वाळत घातलेल्या, प्रत्येकीवर जांभळा डाग. शी! मी राखेनं घासून लख्ख केल्या.

"अहो... हे काय केलंत?"

दारात तो. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात बेडूक.

"डाग होते..."

"बेडकाची कातडी होती ती! तीन महिन्यांचं काम. सोमवारी सरांना दाखवलं नाही, तर संशोधन बंद."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मेणात बसवलेले तुकडे अजून शिल्लक होते, पण तो घाईघाईनं वस्तरा चालवायला लागला. काप जाडच पडायचे.

"द्या इकडं," मी म्हटलं. "माझी कातरलेली सुपारी फुंकरीनं उडते, विचारा गावात."

दोन दिवस मी कापत होते, तो रंगवत होता. शनिवारी म्हणाला, "आता बघा."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला... अगं बाई! कातडीच्या आत इवल्या इवल्या कुप्या, तोंडं वर करून बसलेल्या. अंगावर काटाच आला.

"लहान कुप्या अंग ओलं ठेवतात, मोठ्यांत विष," तो हळूच म्हणाला. "भेकाच्या, म्हणजे त्या खडबडीत अंगाच्या बेडकाच्या, कातडीतही अशाच असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोघांचं घराणं एकच होतं."

"बेडकांनाही गणगोत असतं?"

"असतं की. आपणही त्यांचे लांबचे पाहुणेच."

हसायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले. मोरीतून रोज झाडूनं हाकललेला तो जीव, आणि आत एवढी नक्षी! वर बघितलं तर तो माझ्याकडंच बघत होता.

"इकडं काय? बेडूक तिकडं आहे."

"बेडूक तीन महिने बघतोय."

लई लबाड!

रविवारी एसटीची वेळ झाली. बाराही काचा तयार होत्या. तो त्यांच्यावर चिठ्ठ्या डकवत होता — बेडकाचं नाव, गावाचं नाव. मग टाक थांबला.

"काप कुणी घेतले, तेही लिहायचंय."

"लिहा की. वनमाला."

"आणि... आडनाव?"

तीन महिने आमच्या घरी जेवला आणि आडनाव माहीत न्हाय? मग एकदम कळलं. कान तापले माझे.

"तुमचंच लिहा," मी कसंबसं म्हटलं. "पण आधी बाबांना विचारून या — शाई वाळायच्या आत!"