बिनशिंगी

बिदिया गावात वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या बायका संध्याकाळी अंगणातली वाळू खजुराच्या झावळीनं सारखी करून ठेवतात. सकाळी कोण येऊन गेलं ते कळतं. रय्या हे आईकडून शिकली होती. तेव्हा घरंही झावळ्यांचीच होती, आणि कॉफी चुलीवर चढवण्याआधी आई अंगण वाचायची. इथून कोल्हा गेला, इथे शेजारणीची शेळी शिरली, हा मांडूळ. मांडुळाचा माग म्हणजे एक सलग नागमोडी रेघ. शिंगवाला विषारी साप आडवा सरकतो, त्याचे तिरके, सुटे फराटे उठतात. आंधळ्याला बोटांनी कळावा एवढा फरक.

तोच फरक मस्कतला राहणाऱ्या मुलाला, हमूदला, समजावता समजावता तिचा घसा सुकला होता. मागच्या सुट्टीत दाराशी साप दिसल्यापासून त्यानं एकच धरून ठेवलं होतं, की या घराला कुलूप लावायचं आणि आईला मस्कतच्या फ्लॅटमध्ये न्यायचं.

"मांडूळ आहे रे, गोगलगायीसारखा गरीब," ती फोनवर म्हणाली.

"फोटो पाठव. मग बोलू."

उजाडताना तिला तो दिसला. अंग सगळं वाळूत, वर फक्त माथ्यावरचे दोन बारीक डोळे. तिनं बोटानं वाळू बाजूला केली. बोथट तोंड, गुळगुळीत पाठ. फोटो काढून पाठवला आणि निवांत कॉफी ओतून घेतली.

लगेच फोन वाजला. "आई, शिंगं आहेत त्याला!"

"चष्मा लाव."

"तूच लाव!"

तिनं लावला. फोटोत तिकोनी डोकं होतं, आणि डोळ्यांवर दोन शिंगं. मान वळवून तिनं अंगणात पाहिलं. मांडूळ तिथेच होता, बोथट.

मग रोज तेच. जवळून काढला, लांबून काढला, सावलीत काढला. फोटोत शिंगं. सलग रेघेचा फोटो काढला, तर फोटोत तिरके फराटे. वैतागून तिनं शेजारच्या नसराला हाक मारली.

"काय दिसतंय सांग."

"मांडूळ. एवढं दाखवायला माझं पीठ टाकून बोलावलंस होय?"

"तुझ्या फोननं फोटो काढ."

नसरानं काढला, पाहिला, आणि ओढणी सावरून निघून गेली. त्यानंतर ती कॉफीला आली नाही.

रय्यानं फोन लोडावर आपटला. जन्मभर वाचलेली वाळू एकीकडे, हा काचेचा तुकडा एकीकडे, आणि पोटचा पोरगा काचेचं ऐकत होता.

शुक्रवारी सकाळी हमूद पिकअप घेऊनच आला. आल्या आल्या गालिचे गुंडाळून गाडीत टाकायला लागला.

"सोड ते. इकडे ये," ती म्हणाली. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

सारख्या केलेल्या वाळूवर सलग रेघ होती. रेघेच्या टोकाला मांडूळ पडला होता. हमूद उंबऱ्यावरून पुढे येईना.

"आई, लांब हो म्हणतो ना!"

ती वाकली आणि सापाला उचलून तळहातावर घेतलं. मनगटाभोवती त्यानं गार विळखा घातला.

"काढ आता फोटो. तुझ्याच फोननं."

उंबऱ्यावरूनच त्यानं फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून पाहिला. मग हसत सुटला.

"नाहीत गं! खरंच नाहीत शिंगं!"

त्यानं फोन तिच्यासमोर धरला. तिचा सुरकुतलेला हात, त्यावर बोथट तोंडाचा गरीब मांडूळ.

"मग, मस्कत?"

"जिंकलीस बाई तू. राहा इथेच. गालिचे आणतो परत."

तो शीळ घालत पिकअपकडे गेला.

किती दिवसांनी रय्याची छाती मोकळी झाली. सापाला खाली सोडायला ती वाकली, आणि तिची नजर वाळूवर गेली.

भिंतीपासून तिच्या पावलांपर्यंत फराटे होते. तिरके, सुटे.

ती तशीच वाकून राहिली.

मनगटावरचं गुळगुळीत अंग आता खरखरीत लागत होतं. खवल्यावर खवला घासल्याचा बारीक, कोरडा आवाज येत होता.

"आई, हा मोठा गालिचा कुठे टाकू?" बाहेरून हमूदनं विचारलं.

ऊन भिंतीवरून अंगणात उतरलं. तिच्या तळहातावर दोन बारीक, टोकदार सावल्या पडल्या.